दिवस-रात्र सामन्यांमुळे कसोटीला पुन्हा प्रेक्षक मिळतील का?

प्रश्न : माझे सोलापुरात दुकान आहे. कसोटी मला मनापासून आवडते, पण सकाळी साडेनऊला सुरू होणारा खेळ मी गल्ल्यावर बसून पाहू शकत नाही आणि दुकान बंद करेपर्यंत दिवसाचा खेळ संपलेला असतो. सामने प्रकाशझोतात झाले, तर माझ्यासारखे प्रेक्षक परततील असे आपणांस वाटते का?

प्रतिसाद १ : काही प्रमाणात नक्की परततील. २०१५ साली ॲडलेडला झालेल्या पहिल्या दिवस-रात्र कसोटीला तीन दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास लोक आले, आणि २०१९ मध्ये अशाच कसोटीला कोलकात्याचे ईडन गार्डन्सही भरले होते. मात्र या सामन्यांत वापरल्या जाणाऱ्या गुलाबी चेंडूवर चकचकीत लेपाचा जादा थर असल्याने संधिप्रकाशात तो हवेत फार वळतो, आणि आपल्याकडे हिवाळ्यात दव पडले की ओला चेंडू फिरकीपटूच्या बोटांतून निसटतो. २०२१ ची अहमदाबादची कसोटी तर दोन दिवसांतच आटोपली. पाचव्या दिवसाची तिकिटे काढलेल्यांनी काय पाहायचे?

प्रतिसाद २ : माझ्या मते वेळेपेक्षा सवय महत्त्वाची आहे. आपल्या सोलापूरच्या पार्क मैदानावर रणजी सामना असतो, तेव्हा मुलांना शाळेतून थेट तेथे नेले, तर चार दिवसांचा खेळ कसा उलगडत जातो हे त्यांना कळेल.

प्रश्नकर्ता : दवाचा मुद्दा पटला. तरीही वर्षातून एखादी कसोटी संध्याकाळी असावी, एवढीच माझी मागणी आहे.