इनामगावात प्रमुख होता, हे कशावरून ठरवले?

नदीकाठ: शिरूर तालुक्यातील इनामगाव हे घोड नदीकाठचे ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारे सोबतच वापरणाऱ्या काळातले) खेडे साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात नांदते होते. तेथे प्रतिष्ठेची उतरंड होती आणि गावाला एक प्रमुख होता, असे अभ्यासक बऱ्याच खात्रीने मांडतात. जेथे लिहिलेले एक अक्षरही मिळालेले नाही, तेथे भिंतींच्या पायांवरून आणि खापरांवरून कोणाच्या अधिकाराविषयी बोलता येते का?

पांढरीची माती: एकेकट्या वस्तूवरून नाही, पण काय कशाशेजारी सापडले यावरून येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन करताना १९६८ ते १९८३ या काळात केवळ खोल खड्डे न घेता विस्तृत क्षेत्र उघडले, म्हणून शंभरावर घरे आणि त्यांची मांडणी हाती आली. पूर्व जोर्वे काळातील (जोर्वे ही महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृती; पूर्व म्हणजे तिचा आधीचा टप्पा, उत्तर म्हणजे नंतरचा) पाच खोल्यांचे एक मोठे घर वस्तीच्या मध्यावर आहे व त्याला लागूनच धान्याचे कोठार आहे. कुंभारासारखे कारागीर मात्र पश्चिमेच्या कडेला राहत. प्रौढ मृतांना सामान्यतः घोट्यांखालचे पाय तोडून उताणे पुरत असत, तर या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष मिळाला. जागा, धान्य आणि दफन या तिन्ही गोष्टी एकाच घराशी जुळतात, आणि माझ्या मते युक्तिवादाचे बळ त्यातच आहे.

साशंक वाचक: कोठार घरालगत होते एवढे सिद्ध होते, धान्य त्या घराच्या मालकीचे होते की गावाने राखणीसाठी तेथे ठेवले होते, हे भिंत सांगत नाही. धान्यरूपाने कर गोळा होत असे, हा येथील उत्खननात सहभागी असलेले पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचा तर्क आकर्षक असला तरी तो तर्कच आहे. शिवाय निराळे दफन एखाद्या धार्मिक अधिकाऱ्याचेही असू शकते.

पांढरीची माती: मान्य, परंतु नदीचे पाणी वळवणारा पाट आणि बांधही तेथे मिळाला आहे. तो खणायला आणि दरवर्षी राखायला अनेक घरांचे श्रम लागले असणार, म्हणजे निदान कामाची वाटणी ठरवणारे कोणीतरी होते; ती एक व्यक्ती होती की पंचायत, यावर वाद जरूर व्हावा.

जळके धान्य: दैनंदिन जीवनाविषयी पुरावा याहून भक्कम आहे. इ.स.पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे थरांत ऐसपैस चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, शेती खालावते आणि शिकारीवरची भिस्त वाढते. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. कारणाविषयी मतभेद होऊ शकतात, पण लोकांचे खाणे पालटले हे जळक्या दाण्यांवरून आणि जनावरांच्या हाडांवरून मोजता येते, तसे प्रमुखाचे अधिकार मोजता येत नाहीत.