लिनक्स मिंट २२ : ५.१ स्पीकरला डायलॉग पेवातून बोलल्यासारखे येतात, मागचे दोन मुकेच

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमच्या हॉलमध्ये डेस्कटॉप आहे, २०१९ ला असेंबल करून घेतलेला, त्याला ५.१ चा सेट जोडलाय, म्हणजे पाच डबे आणि एक वूफर. मदरबोर्डला मागे तीनच भोकं आहेत, गुलाबी हिरवं आणि निळं, त्यातून तीन वायरी निघतात आणि सेटच्या मागे लाल-पांढऱ्या सहा पिनांमध्ये जातात. विंडोज होतं तोवर सगळं व्यवस्थित वाजायचं. मागच्या महिन्यात लिनक्स मिंट २२ टाकलं, मशीन एकदम पळायला लागलं, पण आवाजाची पार वाट लागली.

आधी समोरच्या दोनच स्पीकरमधून यायचं. मग साउंड सेटिंगमध्ये प्रोफाइलला ५.१ निवडलं तर उलट जास्तच बिघडलं, पार्श्वसंगीत ठीक येतं, मागचे दोन एकदम मुके, आणि माणसं बोलायला लागली की हळदीच्या पेवात (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात) उतरून बोलतायत असं वाटतं, घुमतं नुसतं, शब्द कळत नाही. स्टीरिओवर परत आणलं की शब्द कळतात पण बारीक.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, उजव्या कानाने कमी ऐकू येतं. रविवारी दुपारी आम्ही दोघं पिक्चर बघतो हे गेली कित्येक वर्षं चालू आहे, आता ते दहा मिनिटांत उठून आत जातात, "तू बघ गं" म्हणतात. मला ते बघवत नाही. परत विंडोज टाकायचं नाहीये. कुणी सांगेल का नक्की काय करायचं?

सोल्डरगन
ताई, तुम्ही लिहिलंय ते नीट वाचलं तर अर्धं उत्तर त्यातच आहे, फक्त खात्री करून घेऊ. पिक्चर लावून तपासू नका, पिक्चरमध्ये सहाच्या सहा आवाज एकमेकांत मिसळलेले असतात त्यामुळे कुठे काय अडकलंय ते कधीच कळत नाही. प्रोफाइल ५.१ वरच ठेवा (नावात अ‍ॅनालॉग सराउंड ५.१ आउटपुट असलेलं, मागे अधिक अ‍ॅनालॉग स्टीरिओ इनपुट लिहिलेलं असलं तरी चालेल) आणि टर्मिनल उघडून स्पीकर-टेस्ट ही कमांड द्या, पुढे स्पेस देऊन डॅश सी ६, परत स्पेस, डॅश टी वेव्ह. अक्षरं अर्थातच इंग्रजी, सगळी लहान.

एक बाई इंग्रजीत प्रत्येक स्पीकरचं नाव घेईल. नंबर ०, ४, १, ३, २, ५ असे उड्या मारत येतील, घाबरू नका, ती खोलीभोवती गोल फिरते म्हणून तसं होतं. पाच वेळा नाव आणि सहाव्या वेळी नुसती खरखर, ती वूफरसाठी. वही घेऊन बसा आणि बाई काय म्हणाली आणि प्रत्यक्षात कुठल्या डब्यातून आलं हे समोरासमोर लिहा. तेवढं इथे टाका.

कृष्णाकाठ
केलं, बाबांनाच वही दिली, ते लिहीत होते आणि मी डब्याला कान लावून बसले.
फ्रंट लेफ्ट बरोबर डावीकडून. फ्रंट सेंटर म्हणाली ते वूफरमधून आलं, घुमल्यासारखं, मधल्या डब्यात काहीच नाही. फ्रंट राइट बरोबर. रिअर राइट काही नाही. रिअर लेफ्ट काही नाही. आणि शेवटची खरखर मधल्या डब्यातून आली!!

सोल्डरगन
झालं, सापडलं. तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्ही एकदम दिसत असल्यामुळे गोंधळ होत होता.

पहिला, मधला डबा आणि वूफर यांची अदलाबदल झालीये. ५.१ मध्ये बोलणं जवळपास सगळं सेंटर चॅनेलवर असतं. तुमचा सेंटर वूफरला जातोय, वूफरच्या आत फिल्टर असतो तो वरचे सूर कापून फक्त खालचे पुढे सोडतो, आणि शब्द कळतो तो वरच्या सुरांमुळे, स श क ट ही अक्षरं तिथेच असतात. म्हणून तुम्हाला पेवातून आल्यासारखं वाटतं, अगदी बरोबर उपमा दिलीत. सेंटर आणि वूफर एकाच वायरीत दोन तारांवर जातात, आणि कुठल्या तारेवर कोण हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. विंडोजमध्ये रिअलटेकच्या पॅनेलमध्ये हे दोन उलटवायची एक टिक असते, सेट बसवला तेव्हा कुणीतरी ती केलेली असणार, आणि विंडोज गेलं तशी ती पण गेली.

यासाठी लिनक्समध्ये कुठलीही फाइल उघडायची गरज नाही. सेट बंद करा, गुलाबी भोकातून निघालेली वायर धरून सेटच्या मागे जा, तिच्या लाल आणि पांढऱ्या पिना एकमेकींच्या जागी लावा. बस. सॉफ्टवेअरमधून पण करता येतं पण मी तरी सांगणार नाही, उद्या सिस्टीम परत टाकली की परत तेच.

दुसरा दोष मागच्या दोघांचा. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर लिहून एंटर मारा, उभे पट्टे दिसतील. एफ-६ दाबून तुमचं खरं साउंड कार्ड निवडा, कारण सुरुवातीला तो पाइपवायर किंवा पल्स या आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा एकच पट्टा दाखवतो आणि लोक तिथेच थांबतात. मग बाणाने उजवीकडे जात सराउंड नावाचा पट्टा शोधा. त्याच्या खाली एम एम असेल तर तो म्यूट आहे, एम दाबला की शून्य शून्य होतं, मग वरच्या बाणाने आवाज वाढवा. आणखी उजवीकडे चॅनेल मोड असेल तर तो ६ सीएच वर पाहिजे. तुमचा असणारच, नाहीतर गुलाबीमधून आवाजच आला नसता.

रात्रपाळी
मध्येच बोलतो, सॉरी, पण वरचं वाचून माझंही जुनं दुखणं आठवलं. माझ्याकडे अ‍ॅम्प्लिफायर आहे, पीसीपासून ऑप्टिकल वायरने जोडलाय, आणि काही केलं तरी डिस्प्लेवर स्टीरिओच येतं. प्रोफाइलमध्ये ५.१ दिसतच नाही. वायर दोनदा बदलली, पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन चांगली महागाची आणली तरी तेच. माझं पण मिक्सरमध्येच काही असेल का?

सोल्डरगन
नाही, तुमची गोष्ट वेगळी आहे आणि वायरीवर आणखी पैसे घालू नका. ऑप्टिकलमधून साधा पीसीएम, म्हणजे न आवळलेला आवाज दोनच चॅनेलचा जातो, सहा मावत नाहीत. दोनपेक्षा जास्त चॅनेल पाठवायचे तर ते एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असे आवळून बांधलेलेच पाठवावे लागतात आणि पलीकडे अ‍ॅम्प्लिफायर ते सोडवतो. पिक्चरच्या फाइलमध्ये एसी-३ ट्रॅक असेल तर तो न सोडवता जसाच्या तसा पुढे द्यायचा. त्यासाठी पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हे अ‍ॅप टाका, त्यात आउटपुट डिव्हायसेसमध्ये तुमच्या डिजिटल आउटपुटखाली अ‍ॅडव्हान्स्ड उघडलं की एसी-३ आणि डीटीएसच्या टिका दिसतील, त्या करा, आणि एमपीव्ही या प्लेअरला ऑडिओ-एसपीडीआयएफ या ऑप्शनमध्ये एसी-३ आणि डीटीएस सांगा. व्हीएलसीमध्ये पण ऑडिओ सेटिंगमध्ये पासथ्रू आहे.

पण तुमच्या ग्राफिक्स कार्डला आणि अ‍ॅम्प्लिफायरला एचडीएमआय असेल तर मी म्हणेन ऑप्टिकल सोडाच. एचडीएमआयवरून पीसीएमचे आठ चॅनेल सरळ जातात, बांधाबांध नाही, गेमचा आवाज पण सहाही ठिकाणी येतो. एसी-३ पासथ्रूचा गेमला काहीच फायदा होत नाही.

रात्रपाळी
एचडीएमआय आहे की! मॉनिटरला म्हणून वापरतोय, कार्डला दुसरं पोर्ट रिकामं आहे. आज नाइटला जायचंय, उद्या सकाळी आल्यावर करतो.

कृष्णाकाठ
सोल्डरगनदादा, हात जोडले तुम्हाला. सराउंड खाली खरंच एम एम होतं. आणि पिना बदलताना सेटच्या मागे एवढं जळमट होतं की आधी तेच साफ केलं. परत टेस्ट लावली, बाई फ्रंट सेंटर म्हणाली आणि टीव्हीच्या बरोबर खालच्या डब्यातून एवढं खणखणीत आलं की बाबा स्वयंपाकघरातून विचारायला लागले कोण आलंय. मागचे दोन पण बोलले, डावा उजवा बरोबर.

आता दोन शंका आहेत. एक, यूट्यूबला गाणी लावली तर समोरच्या दोनमधूनच येतात, हे बरोबर आहे का? दुसरं, बाबांसाठी फक्त बोलणं थोडं आणखी वर करता येईल का, बाकी सगळं आहे तसं ठेवून?

सोल्डरगन
दुसऱ्याचं आधी सांगतो कारण ते महत्त्वाचं. तेच पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल, आउटपुट डिव्हायसेस, तिथे कुलुपाचं चिन्ह आहे त्यावर क्लिक केलं की सहा चॅनेलचे सहा पट्टे सुटे होतात. फ्रंट सेंटर १०० वर ठेवा आणि बाकीचे पाच थोडे खाली आणा. सेंटर १०० च्या वर ढकलू नका, फाटल्यासारखं येतं आणि कमी ऐकू येणाऱ्याला फाटका आवाज जास्त त्रास देतो. माझ्या आजीला नेमकं तेच व्हायचं, आम्ही आवाज वाढवत राहायचो आणि ती कान झाकून घ्यायची. आणि मधला डबा जमिनीवर असेल तर वर घ्या किंवा तोंड बाबांच्या खुर्चीकडे तिरकं करा, याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सेटिंगने नाही.

मागचे दोन बरोबर पाठीमागे भिंतीला लावले असतील तर थोडे बाजूला आणा, समोर नाक केलं तर कानाच्या रेषेच्या किंचित मागे, साधारण ११० अंशांवर.

यूट्यूबचं बरोबर आहे, ब्राऊझरमध्ये ते स्टीरिओच देतं, तुमचं काही बिघडलेलं नाही.

तंबोरा
स्टीरिओ सहा ठिकाणी पसरवायचं असेल तर पाइपवायरबरोबर २०-अपमिक्स नावाची तयार फाइल येते, यूएसआर मग शेअर मग पाइपवायर या फोल्डरच्या आत, क्लायंट आणि पल्स या दोघांच्या अव्हेल फोल्डरमध्ये. तिथून उचलून आपल्या होममधल्या कॉन्फिग-पाइपवायरखाली त्याच नावाच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये ठेवायची आणि लॉगआउट-लॉगइन. वूफरला १५० हर्ट्झच्या खालचं पाठवते आणि मागच्यांना १२ मिलिसेकंद उशिरा, म्हणजे मन समोरच राहतं.

पण ताई, माझं मनापासून सांगणं आहे, गाण्यांसाठी हे करू नका. तुमच्याकडे सांगली-मिरजेचा पत्ता दिसतोय म्हणून जास्तच सांगतो, जुनी नाट्यपदं आणि ख्याल यांची रेकॉर्डिंग्ज कित्येक मोनोच आहेत, एका माइकवर घेतलेली. ती एकदम अनेक डब्यांतून वाजवली की गायक पसरतो आणि आलाप कुठून निघाला हे कळेनासं होतं. मी दोन आठवडे अपमिक्स चालू ठेवून ऐकलं आणि काढून टाकलं. एका जागेवरून आलेला आवाज एका जागेवरूनच ऐकावा. पिक्चरला सहा, गाण्याला दोन, प्रोफाइल बदलायला दोन क्लिक लागतात.

सोल्डरगन
गाण्याबाबत सहमत. फक्त टीव्ही मालिका, बातम्या वगैरे स्टीरिओ असलेल्या गोष्टींना बाबांसाठी अपमिक्स उपयोगी पडेल, कारण त्यात दोन्हीकडे सारखं असलेलं, म्हणजे बहुतेक वेळा बोलणं, मधल्या डब्यात पण जातं.

कृष्णाकाठ
अपमिक्स टाकलंय पण गाणी आम्ही स्टीरिओ प्रोफाइलवरच ऐकणार, बाबांनी तंबोरा यांचं वाचून "बरोबर बोलतोय हा" म्हटलं. मधला डबा दोन जुन्या वह्यांवर तिरका ठेवला, बाकीचे ७० वर आणले, मागचे खिडकीच्या बाजूला सरकवले. मायक्रोफोन गुलाबीला लावता येत नाही आता, तो कॅबिनेटच्या पुढच्या भोकाला लावला, भाचीशी व्हिडिओ कॉल झाला, चालतोय.

काल रविवार होता. मध्ये एकदा पाऊस पडायचा सीन होता तर बाबा मागे वळून खिडकी बघून आले. पिक्चर संपेपर्यंत बसले.

रात्रपाळी
एचडीएमआयवर ५.१ आलं!! प्रोफाइलला नाव आपोआप दिसलं. टेस्टच्या बाईचं मागचं-पुढचं सगळं जागच्या जागी आहे.