मदत हवी आहे: हातकागदाच्या पाकिटांवर शाई फुटतेय

मावसबहिणीच्या लग्नाच्या पत्रिका छापील आहेत, पण पाकिटांवरची नावं मी हाताने लिहितेय. पाकिटं गडद मरून हातकागदाची, दीडशेच्या आसपास; घेऊन झालीत, त्यामुळे कागद बदला हा सल्ला कृपया नको. स्टिकर लावणं मावशीला मान्य नाही.

कट निब (चपट्या, तिरक्या कापलेल्या टोकाची) ३ मिमी, देवनागरीसाठी उलट्या कटाची. सोनेरी कॅलिग्राफी शाई पसरते. शिरोरेषा कशीबशी निभावते, पण 'श्री'ची गाठ भरून जाते आणि 'सौ.'च्या मात्रा एकमेकींना चिकटतात. सोनेरी गुआश (अपारदर्शक जलरंग) दाट कालवून पाहिला: कडा स्वच्छ आल्या, पण वाळल्यावर बोट फिरवलं की सोनं बोटाला लागतं. त्यात डिंकाचं पाणी वाढवलं तर पकड आली, मात्र पाकीट जरा वाकवलं की तडे. अ‍ॅक्रिलिक शाई त्यातल्या त्यात बरी, पण निब दर दोन नावांनी धुवावी लागते. जेल पेन, मार्कर नकोत. अक्षराला जाड-बारीकपणा हवाच.

पाकिटांना हळदीकुंकू लागणार, तेही ओल्या बोटांनी, म्हणजे अक्षर टिकायलाच हवं.

आता शाई कागदात पसरू नये म्हणून लिहिण्याआधी कागदावर जिलेटिन-तुरटीचा पातळ हात द्यावा असं मनात आहे. पण पाकिटं आधीच चिकटवलेली आहेत. ओलाव्याने ती सुटतील किंवा वाकडी होतील का? त्यापेक्षा चित्रकारांचा फिक्सेटिव्ह स्प्रे (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारतात तो) आधी मारला तर त्यावर निब नीट चालते का? कोणी गडद हातकागदावर हे करून पाहिलंय का, आणि प्रमाण काय घेतलं होतं?