अनुभव धागा: वैऱ्यावर प्रीती करताना प्रत्यक्षात काय घडले?

"तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा," हे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाचे ४४ वे वचन बेळगावच्या आमच्या मराठी उपासनेत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते पाठ होणे सोपे होते. म्हणून विनंती अशी, की "मी क्षमा केली" असे मोघम न लिहिता काय दिले, काय सोडले आणि मन किती दिवस अडून बसले, तेवढे लिहावे. लिहिणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही.

आरंभ माझ्यापासून करतो. माझ्याविरुद्ध खोटी तक्रार करून माझी बढती रोखणाऱ्या सहकाऱ्यासाठी मी रोज प्रार्थना करत असे, पण खरे सांगायचे तर ती देवापुढे मांडलेली चहाडीच होती. पुढे तो निवृत्त झाला आणि त्याच्या पेन्शनचे कागद तपासणीसाठी माझ्याच टेबलावर आले. एका दिवसाचे ते काम मी तीन दिवस अडवून ठेवले. चौथ्या दिवशी सही करून फाईल पुढे पाठवली. त्याला यातले काहीच ठाऊक नाही, आणि मला अभिमान वाटावा असेही त्यात काही नाही.

खानापूर तालुक्यातील एक शेतकरी

आम्ही माळकरी. शेजारी दर नांगरणीला वीतभर बांध कोरत आला आणि शेवटी प्रकरण मोजणीवरून कोर्टात गेले. भात पोटरीला आलेले असताना एका रात्री त्याची म्हैस आमच्या शेतात शिरली. सकाळी तिला कोंडवाड्यात घालावी, दंड भरताना त्याचे तोंड पाहावे, असा मुलाचा आग्रह होता आणि माझ्याही मनात तेच होते. परंतु "जे खळांची व्यंकटी सांडो" हे पसायदानातले मागणे मी रोज म्हणतो. त्यात खळ मरो असे म्हटलेले नाही, त्याचा वाकडेपणा जावो असे म्हटले आहे. ते आठवल्यावर हात आखडला. कंदील घेऊन म्हैस त्याच्या गोठ्यात बांधून आलो. तो दारात येऊन म्हणाला, "म्हस आणून दिलीस म्हणून दावा काढून घेणार न्हाई हं." मी म्हटले, "मी तरी कुठं काढतोय?" दावा अजून चालू आहे. फरक एवढाच, की आता तारखेला आम्ही दोघे त्याच्याच मोटारसायकलवरून खानापूरला जातो आणि पेट्रोलचे पैसे निम्मे निम्मे देतो.

(धागाकर्ता: बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात नेमके हेच आहे. शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेले दिसले, तर ते त्याच्याकडे परत नेऊन द्यावे. तिथे आधी मन शुद्ध करा असे म्हटलेले नाही, आधी जनावर पोचवायचे आहे.)

निपाणीजवळच्या गावातून, एक गृहिणी

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी गावात शिरले, तेव्हा वाटणीच्या वेळी मला उंबऱ्याबाहेर काढणारी माझी जाऊ मुलांना घेऊन माझ्याच दारात आली. मी चूल पेटवली, भाकरी थापल्या, कोरडी लुगडी दिली. पण ती मान खाली घालून जेवत असताना मला जे सुख झाले, ते प्रीतीचे नव्हते. सहा दिवस ती राहिली आणि ते सुख पाचव्या दिवसापर्यंत टिकले. मग माझ्या धाकट्याला ताप आला आणि रात्रभर तीच त्याच्या उशाशी बसली.

(धागाकर्ता: प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात बायबलमधल्याच नीतिसूत्रे या पुस्तकातले वचन घेतले आहे, की भुकेल्या शत्रूला खायला घातल्याने त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास होते. हे निखारे लाजेचे आणि पश्चात्तापाचे, असा अर्थ पुष्कळ जण लावतात. या ताईंच्या लिहिण्यावरून वाटते, की काही निखारे वाढणाऱ्याच्याही डोक्यावर पडत असावेत.)

बेळगाव शहरातून, नाव न देता

मला मारहाण होत असताना नातेवाइकांनी दुसरा गाल पुढे करण्याचे वचन ऐकवले. मी घर सोडले आणि तक्रारही नोंदवली. त्याचे वाईट व्हावे असे मला वाटत नाही, परंतु मी परत जाणार नाही. याला कोणी प्रीतीत कमी पडणे म्हणणार असेल, तर म्हणो.

(धागाकर्ता: मी म्हणणार नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात अपराध्याला दोष दाखवायला आणि तो पश्चात्ताप करील तर क्षमा करायला सांगितले आहे. दोष दाखवणे तिथे आधी येते.)

एक निवृत्त प्राध्यापक

१९२४ साली आपल्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे, की येशूचे डोंगरावरील प्रवचन (वैऱ्यावर प्रीतीचे वचन त्यातलेच) वाचताना त्यांना लहानपणी शिकलेला, पाण्याच्या बदल्यात भोजन द्यायला सांगणारा कवी शामळ भट्टांचा गुजराती छप्पा, म्हणजे बोधपर पद्य, आठवला. वचन परके वाटले नाही, कारण घरात त्याची ओळख आधीच झाली होती.

झेरॉक्सचे दुकान चालवणारा

भाषेच्या तणावात माझ्या मराठी पाटीला काळे फासणाऱ्यांत एक ओळखीचा चेहरा होता. काही महिन्यांनी तोच मुलगा नोकरीचा अर्ज भरायला आला. शेवटची तारीख होती आणि आसपासची दुकाने बंद होती. मी अर्ज भरून दिला, चुकलेली जन्मतारीख दुरुस्त केली आणि नेहमीचेच पैसे घेतले, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. याला प्रीती म्हणावे की नुसता धंदा, हे मला ठरवता येत नाही.

(धागाकर्ता: मत्तयाच्या त्याच पाचव्या अध्यायात, केवळ आपल्या बांधवांनाच सलाम करत असाल तर त्यात विशेष ते काय, असे विचारले आहे. तो मुलगा पुन्हा आला का?)

येतो. "नमस्कार री" म्हणतो. पाटीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. पाटीच्या कोपऱ्यात काळा डाग अजून आहे, आणि झेरॉक्स निघेपर्यंत त्याची नजर तिकडे जाते.