वारस, नॉमिनी, लाभार्थी: एकच का? (संदर्भ: घटस्फोटानंतरची विमा पॉलिसी)

प्रश्न: माझ्या मावसभावाचा म्युच्युअल घटस्फोट झालाय आणि तो म्हणतो की आता बायको माझी वारस नाही, म्हणजे पॉलिसीतून पण आपोआप गेली, वेगळं काही करायला नको. एजंटने पण फॉर्म भरताना "वारस कोण लावू?" असंच विचारलं होतं म्हणे. मग हे शब्द नक्की एकच आहेत का?

प्रतिसाद १: नाही हो ताई, घोळ त्या "वारस लावू" मधेच आहे. वारस आपण लावत नसतो, तो कायद्याने आधीच असतो, सातबाऱ्यावर वारस नोंद करतात ती पण माणूस गेल्यावर आणि जे आहेत त्यांचीच. हिंदू असाल तर १९५६ च्या वारसा कायद्यात आई, विधवा, मुलगा, मुलगी पहिल्या वर्गात. घटस्फोटित बायको त्यात येत नाही, इथपर्यंत भावाचं बरोबर. पण नॉमिनी म्हणजे आपण लिहून दिलेलं नाव, ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने पुसलं जात नाही, कंपनीच्या रेकॉर्डला जे आहे तेच राहतं. उद्या काही झालं तर क्लेमचा फॉर्म तीच भरणार आणि भावाची आई बसणार कोर्टात.

प्रतिसाद २: पण नॉमिनी तर फक्त ट्रस्टी असतो ना? पैसे घ्यायचे आणि वारसांना द्यायचे.

प्रतिसाद १: ते व्हॉट्सॅपवरचं ज्ञान विम्याला अर्धंच लागू आहे. १९८३ च्या सरबती देवी निकालात सुप्रीम कोर्टाने तसंच म्हटलं होतं, शेअर्सच्या बाबतीत २०२३ मधे परत तेच म्हटलं. पण विमा कायद्याचं कलम ३९ २०१५ च्या दुरुस्तीत बदललं. आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांच्यापैकी कुणाला नॉमिनी केलं तर पैसे त्यांचेच, नुसते सांभाळायला नाहीत. याला बेनिफिशियल नॉमिनी म्हणतात. मराठीत "लाभार्थी नॉमिनी" म्हणायला हरकत नाही, पण लाभार्थी म्हटलं की हल्ली लाडकी बहीणच आठवते, त्यामुळे लोक बिचकतात. भाऊ-बहीण या यादीत नाहीत हे पण लक्षात ठेवा.

प्रश्नकर्ती: अरे बापरे. आणि मुलाचं नाव घातलं तर? तो तिसरीत आहे.

प्रतिसाद ३: चालतं की, फक्त सोबत अपॉइंटी द्यायचा. मूल सज्ञान होईपर्यंत पैसे कोणी घ्यायचे ती व्यक्ती. फॉर्मवर तो रकाना लोक कोरा सोडतात, मग पैशासाठी मुलाचा पालक कोण हा प्रश्न येतो आणि तिथे आई म्हणून परत तीच उभी राहते. नको असेल तर आजी किंवा काकाचं नाव आत्ताच टाका. नॉमिनी बदल लेखीच द्यायचा आणि नोंद झाल्याचं पत्र मागून घ्यायचं. मृत्युपत्रातून पण बदलता येतं, पण कंपनीला कळवलंच नसेल आणि तिने जुन्या नावाला पैसे देऊन टाकले तर कंपनीची जबाबदारी संपते.

प्रतिसाद ४: एक राहिलं. पॉलिसी घेताना १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घेतली होती का ते बघा (एजंट "एमडब्ल्यूपी" म्हणतात). तसं असेल तर तिथे नॉमिनी हा शब्दच लागू नाही, तो बायको-मुलांसाठीचा ट्रस्ट असतो आणि कलम ३९ बाजूला राहतं. नुसता नॉमिनी बदलाचा अर्ज देऊन नाव निघत नाही, त्यासाठी वकीलच गाठा. आणि ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स आणि पीएफ यांचे नॉमिनी वेगळे असतात हो, एक बदलला म्हणून बाकीचे बदलत नाहीत.