प्रतिसाद: कुऱ्हाडीचं पातं चकाचक करण्याआधी

कुऱ्हाड नीट करण्याच्या या चर्चेत दांड्यावरचं व्हार्निश खरवडून जवसाचं तेल मुरवा, असं वर कुणी सुचवलंय, ते पटलं. चकचकीत थरावर हाताला लवकर फोड येतात. पण पात्यावरची काळी खपली (घडवताना तापलेल्या पोलादावर धरणारा थर) आणि घणाचे ठसे ग्राइंडरने घासून आरसा करायचा, हे काही पटलं नाही. ती घट्ट बसलेली खपली थोडाफार गंज रोखते, आणि हाताने घडवलेल्या कुऱ्हाडीची ओळखच ती (चकाचकच हवी तर कारखान्यातली घ्यावी की!).

खरा धोका ग्राइंडरच्या उष्णतेचा. पोलादावर निळी झाक दिसली म्हणजे तिथलं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं आणि धारेचं पाणी उतरलं, म्हणजे तिचा कडकपणा गेला. मी हे करून बसलोय. कोपऱ्यावर दोन सेकंद जास्त टेकवलं, निळा ठिपका उमटला, आणि पुढे लाकडावर घाव घातला की धार तिथेच वळायची. शेवटी कानशीने तो भाग मागे घेत घेत चांगलं पोलाद लागेपर्यंत काढावा लागला. तेव्हापासून फक्त कानस आणि पाणी लावलेला दगड. वेळ लागतो, लागू दे.

आणि तेलाचं कुणीच लिहिलं नाही: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. त्या पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.