उत्तर: वसईनंतर सोपारा

वसईचा किल्ला पाहिला की तिकडचं पाहणं संपलं, असं इथे एकाने म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. किल्ल्याला अख्खी सकाळ द्याच, पण दुपारी नालासोपारा पश्चिमेचा सोपारा गाठा. हेच ते प्राचीन शूर्पारक बंदर, वसईच्याही कितीतरी आधीचं. तिथला स्तूप गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखत. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा आत दगडी करंडक (पवित्र अवशेष ठेवायची पेटी) आणि बुद्धांच्या आठ छोट्या कांस्यमूर्ती मिळाल्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला.

मी गेलो तेव्हा तिथे एकटाच होतो. विटांच्या त्या ढिगाऱ्याजवळून पाय निघेना. मूर्ती मात्र आता तिथे नाहीत, त्या मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत.